दोनशे बारा नंबरची काच

कोंडीराम कासारेला कोणी किती वाजले असं विचारलं तर तो आधी विचारणाऱ्याकडे बघे, मग घड्याळाकडे, आणि दोघांवरही फारसा भरवसा न ठेवता उत्तर देई. दूधवाल्याने पाणी घातलं असेल ही शंका सगळ्यांनाच येते. कोंडीरामला पाण्यातही काही घातलं असेल अशी शंका येई. त्याची बायको राधा म्हणायची, "ह्यांना देव दिसला तर आधी त्याच्याकडे पास मागतील."

हा स्वभाव त्याने हौसेने घेतलेला नव्हता. एकोणीसशे बेचाळीस साली तो गिरणगावातल्या एका इस्पितळात शवागार धुवायच्या कामावर लागला. तेव्हापासून कापूस हरवला, कात्री हरवली, साहेबांची छत्री हरवली, की पहिली नजर त्याच्याकडे वळे. छत्री साहेबांच्या सासुरवाडीत सापडे. पण नजर मागे घेतल्याचं कोणी कळवत नसे. तेव्हा आपणच सगळ्यांवर आधी शंका घ्यावी, म्हणजे निदान बरोबरी तरी होते, असा हिशेब त्याने मनाशी बांधला होता. पुढे छप्पन्नच्या ऑक्टोबरात तो नागपूरला जाऊन बौद्ध झाला. प्रतिज्ञांचा छापील कागद त्याने घरी आणून दोनदा वाचला. ज्यात खोट काढावी असं काही सापडलं नाही, असा त्याच्या आयुष्यातला तो एकच कागद. पण ही गोष्ट त्याच वर्षाच्या जानेवारीतली आहे.

शवागारातून तो पॅथॉलॉजीच्या खात्यात आला, आधी बाटल्या धुवायला आणि मग मशीनवर. ऑपरेशनच्या खोलीतून रोग्याच्या अंगातला तुकडा बाटलीत येई. तो औषधात, स्पिरिटात, मेणात चार-पाच दिवस मुरवायचा. मेणाची वडी पाडायची. वडी मशीनवर लावून लांब, जड पात्याने तिचे कांद्याच्या सालीहून पातळ पापुद्रे काढायचे. पापुद्रा कोमट पाण्याच्या भांड्यात पसरला की खालून काच घालून उचलायचा. वाळवायचा, निळ्या आणि गुलाबी रंगात बुडवायचा. मग डॉक्टर ती काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत आणि माणसाचं काय होणार ते इंग्रजीत लिहीत.

त्या वर्षांत मेंदूची ऑपरेशनं नवीनच सुरू झाली होती आणि मेंदूचे तुकडे कोंडीरामच्या वाट्याला येत. रंग नीट चढला की नाही एवढंच पाहायची त्याला परवानगी होती. परवानगी एवढीच असली तरी डोळे पूर्ण होते. बघता बघता त्याने गाठींना आपली नावं ठेवली होती. मेंदूच्या आवरणातली गाठ म्हणजे 'भोवरा': पेशी एकमेकींना गुंडाळून बसलेल्या, बोटाच्या ठशासारख्या गोल गोल, आणि मधेमधे जांभळे वाळूचे कण. ही गाठ सज्जन. एकदा नीट काढली की परत बहुधा त्रास देत नाही. दुसरी एक होती, तिच्या पेशी पोकळ खोल्यांत एकेक बसत, तिला तो 'पोळं' म्हणे. लहान मुलांच्या मेंदूत एक यायची, तिच्यात पेशींची फुलं दिसत. तिला त्याने नाव ठेवलं नव्हतं. आणि सगळ्यांत वाईट ते 'कुंपण'. त्यात मधे मधे मेलेला गुलाबी पट्टा असे आणि त्याच्या कडेने पेशी दाटीवाटीने ओळीत उभ्या. रस्त्यात माणूस पडला की भोवती लोक उभे राहतात, तशा. कुंपणाचा रोगी वर्ष काढीत नसे.

पातं ही त्याची जिंदगानी. ते तो दगडावर आणि चामड्यावर तासन्‌तास घाशी, लाकडी पेटीत कुलपाखाली ठेवी आणि पेटीच्या झाकणावर राधेच्या डोक्यातला एक केस आडवा टाकी. उघडली तर कळावं म्हणून. उघडणारा कोण, याबद्दल त्याच्या मनात एकच नाव होतं: जयवंत. जयवंत हा मशीनवरचा दुसरा माणूस, गिरगावातल्या वाडीतला, बडबड्या, संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक सभेला जाणारा. केस कधीच हललेला नसे. त्यावरून जयवंत केस परत जाग्यावर ठेवण्यात किती तरबेज आहे ते कोंडीरामला कळत गेलं.

खात्यात चहाचे कप एका खिळ्यावर टांगलेले असत आणि कोंडीरामचा दुसऱ्या खिळ्यावर. कारण कोणी सांगत नसे, तो विचारत नसे. त्याने काचेवर नंबर कोरायच्या हिऱ्याच्या पेन्सिलीने आपल्या कपाच्या बुडाला स्वतःच खूण केली होती. दुसऱ्या कोणी चुकून प्यायला तर? भरवसा काय.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जानेवारीत रेडिओवर जाहीर झालं आणि शहर पेटलं. गिरगावात, परळात, लालबागला गोळीबार, मग संचारबंदी. जयवंत वाडीत अडकला. कोंडीरामची चाळ इस्पितळापासून हाकेवर, तेव्हा तो पास खिशात घालून येत राहिला आणि दोघांचं काम एकट्याने उरकू लागला. तिसऱ्या दिवशी त्याने आठ वड्या कापल्या. दोनशे बारा नंबरची वडी कापताना पातं किर्र वाजलं. धारेला दात पडला होता. त्याने मनात म्हटलं, जयवंत्याने जाता जाता पात्याने हाड कापलं.

आठवड्याने जयवंत कामावर आला तो घोषणा देऊन देऊन बसलेला घसा घेऊन.

"माझ्या पात्याला हात लावलास?" कोंडीरामने नमस्काराऐवजी विचारलं.

"अरे, माझ्या वाडीत गोळ्या चालल्या, आणि तू पात्याचं विचारतोस?"

"गोळ्यांचं विचारायला सगळे आहेत. पात्याचं मीच विचारणार."

"नाही लावला बाबा! आईशप्पथ!"

शपथ घेतली म्हणजे लावलाच, हे कोंडीरामने ओळखलं.

त्यानंतर तीन दिवसांनी दुपारी खात्याच्या खिडकीशी एक उंच, वाळका माणूस येऊन उभा राहिला. टोपी हातात.

"मी गुणाजी परब. लालबागचो. माझ्या बायलेच्या डोक्यातलो तुकडो तुमच्याकडे आसा म्हणतत. तो माका होयो."

कोंडीराम सावध झाला. मागच्या वर्षी एकाने असाच मुतखडा मागून नेला आणि नंतर तो एका भगताकडे निघाला होता.

"कशाला पाहिजे?"

"लक्ष्मीक गावाक व्हरतंय. डॉक्टर म्हणालो, क्यान्सर आसा, आता काय होवचा नाय, घराक व्हरा. पैल्या टायमाक रगात लय गेला म्हणान अर्दी गाठ काढून थांबले. अर्दी फुडच्या महिन्यात काढतलव म्हणाले. आता म्हणतत, काढून काय उपेग?" त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "आख्खी व्हरूक होयी ना, भाऊ? थोडी हय, थोडी थय, असा बरा दिसता काय?"

"काम काय करता?"

"साचाखात्यात आसंय. वीस वर्सां झाली."

कोंडीरामचा बाप त्याच गिरण्यांत राबून मेला होता, पण साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, नव्हे. तिथे धोट्याचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. महाराच्या तोंडचा धागा चालत नसे, म्हणून बापाला तिथे पाऊल ठेवायला मिळालं नाही. साचाखात्यातल्या माणसाचं काम अडलं म्हणून आपण पळावं असं त्याला मुळीच वाटलं नाही.

"तुकडे देता येत नाहीत. सोमवारी या, साहेबांना विचारतो," तो म्हणाला. सोमवारी या म्हणजे येऊ नका, हे सरकारी खिडकीवर सगळ्यांना कळतं.

"सोमवारी बोटीत बसतलंव," गुणाजी म्हणाला आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसला. जाईना.

त्याच्या बसण्याचीच कोंडीरामला शंका येऊ लागली. शेवटी त्याने रजिस्टर काढलं. लक्ष्मी गुणाजी परब, दोनशे बारा.

दोनशे बारा! पातं वाजलं ती वडी. त्याने कपाटातून वडी काढून उजेडात धरली. मेणातल्या तुकड्यावर बारीक समांतर रेघा. त्या वडीने पातं वाजवलं, म्हणजे तिच्यात वाळू असणार. वाळू म्हणजे भोवरा. मग क्यान्सर कुठून आला?

साहेब जेवायला गेले होते. कोंडीरामने दोनशे बाराची काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, परवानगीचा विचार न करता. भोवरेच भोवरे. जांभळी वाळू. वाळूच्या कणांपासून निघून पात्याच्या दाताने ओढलेल्या रेघा काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या, वहीच्या पानासारख्या. आणि कोपऱ्यात, तांदळाच्या कणीएवढं, कुंपण. मेलेला गुलाबी पट्टा, कडेने पेशींची रांग.

म्हणजे साहेबांनी लिहिलं ते खोटं नव्हतं. कुंपण होतंच.

पण कोंडीराम सहजासहजी मानणाऱ्यांतला नव्हता. त्याने रेघांचा पाठलाग केला. भोवऱ्यांतून धावत आलेल्या रेघा कुंपणापाशी येऊन थांबत आणि पलीकडे पुन्हा सुरू होत. कुंपणाच्या आत एकही रेघ नाही. त्याने बाजूचं चाक फिरवलं: भोवरे स्पष्ट झाले की कुंपण धूसर, कुंपण स्पष्ट झालं की भोवरे धूसर. कुंपण भोवऱ्यांत नव्हतंच. ते वर बसलेलं होतं. दुसऱ्या कोणाच्या मेंदूतली कणी भांड्यातल्या पाण्यावर तरंगत राहिली होती आणि लक्ष्मीबाईच्या काचेवर चढून आली होती.

"जयवंत्या," तो हळूच म्हणाला.

आता सापडला. एका पापुद्र्यानंतर पाण्यावरून कागदाची पट्टी फिरवायची आणि तरंगणारी घाण उचलून टाकायची, हा पहिल्या दिवसाचा धडा. आणि जयवंत धडे ऐकताना सभेची वेळ बघत असायचा. कोंडीरामने रजिस्टर पुन्हा उघडलं. दोनशे अकरा: एक म्हातारा, कुंपण, ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी वारला. दोनशे अकराची काच काढली. पापुद्र्याचा एक कोपरा तुटलेला होता, अगदी तांदळाच्या कणीएवढा. दोनशे अकरा आणि दोनशे बारा एकापाठोपाठ कापलेले. आणि पुढच्या रकान्यात कापणाऱ्याची सही.

को. का.

जयवंत त्या दिवशी गिरगावात संचारबंदीत होता.

कोंडीरामने सही बोटाने पुसून पाहिली. शाई पक्की होती. तो स्टुलावर बसला, आणि तो दिवस त्याला आठवला. रद्दीच्या पट्ट्या संपल्या होत्या. टेबलावर होता तो सकाळी नाक्यावर घेतलेला ताजा पेपर. पहिल्या पानावर गोळीबारात मेलेल्यांची यादी. शेजारच्या चाळीतला एक. बाकी न ओळखीचे. आणि शेवटी 'अनोळखी इसम, वय अंदाजे पंचवीस'. फाडायला हात घातला आणि तो तसाच राहिला. ती नावं पाण्यात कशी बुडवायची? मग त्याने आधीचीच ओली पट्टी पुन्हा फिरवली. ओला कागद पाण्यावरचं उचलत नाही, नुसतं ढकलतो, हे त्याला बारा वर्षं ठाऊक होतं. तेव्हाही ठाऊक होतं.

सगळ्या जगावर शंका घेऊन झाली होती. हा एक माणूस तेवढा तपासायचा राहिला होता.

दोन वाटा होत्या. एक म्हणजे गप्प बसायचं. रिपोर्ट साहेबांचा, सही साहेबांची. दुसऱ्या वाटेवर त्याचं मशीन जाणार, कदाचित नोकरीही. आणि चौदा वर्षं ज्या नजरा चुकीच्या होत्या त्या एका दुपारीत बरोबर ठरणार. व्हरांड्यात गुणाजी टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. बोट सोमवारी होती. आज शनिवार.

कोंडीरामने भांड्यातलं पाणी ओतून दिलं, नवं घेतलं, आणि दोनशे बाराच्या वडीचे वेगवेगळ्या खोलीवरचे सहा पापुद्रे काढले. पातं प्रत्येक वेळी वाजलं. सहाही काचांवर भोवरे, वाळू, रेघा. कुंपण एकाही काचेवर नाही. हात रिकामे घेऊन बोलायला जाणाऱ्यांतला तो नव्हता.

खात्याचे साहेब डॉक्टर अच्युत विजयकर हे ठाकूरद्वारच्या जुन्या घराण्यातले, सभ्य, अंगात नेहमी पांढरा कोट. संचारबंदीत पासाची वेळ टळू नये म्हणून त्या आठवड्यात त्यांनी काचा जरा भरभर पाहिल्या होत्या. हे कोणी बोललं नाही, आणि रजिस्टरात त्याला रकाना नव्हता.

"मायक्रोस्कोपला हात लावायला तुला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, साहेब."

"बाहेर तो माणूस बसलाय, तो तुझा कोण?"

"कोणी नाही."

"त्याने काही दिलं तुला?"

"तुकडा मागितला, साहेब. द्यायचं काही म्हणाला नाही."

"मग ह्या बाईत तुला एवढा रस का?"

"बाई मी पाहिलेली नाही. काच पाहिली." कोंडीरामने आठही काचा ओळीने मांडल्या. "जुनी काच बघा, रेघा धरून कोपऱ्यात जा. चाक अर्धं फिरवा. मग दोनशे अकराचा तुटका कोपरा बघा. मग ह्या सहा. चूक माझी आहे. पाणी पुसलं नाही."

"का पुसलं नाही?"

"पेपर फाडवला नाही."

साहेबांना हे उत्तर उद्धटपणाचं वाटलं. त्यांनी डोळा लावला. ते रेघा धरून कोपऱ्यात गेले, चाक फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग बराच वेळ त्यांनी चाक नुसतंच धरून ठेवलं. वर पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा छत्री हरवल्यासारखा झाला होता; फक्त या वेळी कोंडीरामकडे बघून उपयोग नव्हता.

"लेखी देशील?"

"दिलंय," कोंडीराम म्हणाला आणि खिशातून कागद काढला. दुसऱ्याने लिहिलं तर जास्त लिहील, ही शंका होतीच.

साहेबांनी सर्जनना चिठ्ठी लिहिली, जुन्या रिपोर्टावर आडवी रेघ मारून नवा लिहिला आणि गुणाजीला आत बोलावलं. गाठ साधी आहे, दुसरं ऑपरेशन करू, बाई बरी होईल. हे त्यांनी शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं.

गुणाजीच्या तोंडावर आनंद दिसेना. तो आळीपाळीने दोघांकडे बघत राहिला.

"आठ दिसांमागे सांगितल्यात ता खोटा?"

"चूक झाली होती."

"मगे आता सांगतास ता खरा कशावरसून? पुना डोक्या फोडतल्यात, आणि पुना म्हणतल्यात, चूक झाली. माझी बायल काय पाटी आसा, लिवा आणि पुसा?"

उत्तर नसलं की साहेब इंग्रजीत बोलत. त्यांनी दोन वाक्यं इंग्रजीत बोलून पाहिली. गुणाजी टोपी घालून उठला.

कोंडीरामला त्याच्याविषयी पहिल्यांदाच आपुलकी वाटली. माणूस योग्य ठिकाणी शंका घेत होता.

"परब, इकडे या. डोळा लावा," तो म्हणाला.

"माका त्यातला काय कळता?"

"तुम्हाला कळेल. एक डोळा मिटा. काय दिसतं?"

गुणाजी वाकला. वीस वर्षं त्याने कापडातला दोष शोधून पोट भरलं होतं.

"रेघो आसत."

"हां. पात्याच्या. धरून चला कोपऱ्यापर्यंत."

"चललंय... हय तुटली. फुडे परत लागता." त्याने डोळा न काढताच विचारलं, "ह्यो तुकडो हय विणलेलो नाय. वरसून पडलो हा. नाय?"

"वरून पडला. माझ्या हातून."

"दुसऱ्या साच्यावरचा सूत असा येता कधी कधी. उडान येता, बसता. ताकेच्या ताके बाद करतत त्याच्यापायी." तो सरळ झाला. "मगे ह्यो कोणाचो?"

"दुसऱ्याचा."

"तो खय आसा?"

"गेला."

गुणाजीने टोपी काढली. सूक्ष्मदर्शकाच्या दिशेने हात जोडले आणि कपाळाला लावले. विजयकर साहेब खिडकीबाहेर बघू लागले.

"सही करा इथे," थोड्या वेळाने साहेब म्हणाले. "ऑपरेशनला संमती."

"करतंय. पण एक लिवा. दुसरो जो तुकडो येतलो, तो ह्यांनीच कापूचो."

साहेब चमकले. "अहो, चूक यांचीच झाली. यांना मी आजपासून मशीनवरून काढलंय."

हे कोंडीरामलाही तेव्हाच कळलं.

"म्हणानच तर," गुणाजी म्हणाला. "ज्येची चूक गावली, तेका म्हायती आसा खय बगूचा ता. ज्येची गावूक नाय, तो खय बगतलो? लिवा."

संमतीच्या छापील कागदावर असल्या अटीला जागा नव्हती. साहेबांनी ती मार्जिनमध्ये लिहिली, बारीक अक्षरात.

कोंडीराम पुन्हा बाटल्या धुवायला लागला. जयवंत म्हणाला, "कासारे, तू माझं नाव घेतलं असतंस तर मी काय केलं असतं रे?"

"घेतलं होतं," कोंडीराम म्हणाला. "सही आडवी आली."

जयवंत आधी हसला, मग हसायचा थांबला, आणि त्या दिवसापासून त्यानेही आपल्या डब्याच्या झाकणावर लक्ष ठेवायला सुरुवात केली.

तीन आठवड्यांनी लक्ष्मीबाईची उरलेली गाठ निघाली. बाई शुद्धीवर आली आणि तिने आधी गुणाजीला शिव्या दिल्या, त्या मालवणीत होत्या आणि जिभेला अडखळल्या नाहीत, असं वॉर्डातून कळलं. बाटली खात्यात आली. तुकडा पाच दिवस मुरला. सहाव्या दिवशी साहेबांनी कोंडीरामला बाटल्यांच्या मोरीवरून बोलावलं, मार्जिनमधली अट दाखवली आणि स्वतः बाजूला उभे राहिले. जयवंतही राहिला. शिपाई दारातून बघत होता. इतक्या नजरा कोंडीरामने यापूर्वीही सोसल्या होत्या. पण त्या दिवशी त्याला त्यांची अडचण वाटली नाही. तो स्वतःच्या हाताकडेच बघत होता.

पाणी त्याने बदललं. पट्टी फिरवली, टाकली, नवी घेतली, फिरवली, टाकली, तिसरी घेतली. "पुरे," साहेब म्हणाले. त्याने चौथी घेतली. पातं वाजलं, पापुद्रा पसरला, काच त्याच्याखाली गेली.

रंग चढल्यावर साहेबांनी डोळा लावला. दोन मिनिटांत मान वर केली.

"साधी आहे. दोनशे बारासारखीच. लिहितो."

"कोपरे पाहिलेत?" कोंडीरामने विचारलं.

इतर कोणत्याही दिवशी असं विचारायची सोय नव्हती. साहेबांनी लेखणी खाली ठेवली, पुन्हा वाकले, आणि काच हळूहळू सरकवत एकेक करून चारही कोपरे पाहिले.